कापायचे किती घेता?

पॉडकास्ट एडिटिंगचा रेट विचारणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य 'फक्त'पासून सुरू होतं. 'फक्त सुरुवात आणि शेवट कापायचाय.' 'फक्त जरा आवाज साफ करायचाय.' 'फक्त गप्पा तर आहेत!' मग फाइल येते. पाऊण तासाच्या भागासाठी दोन तासांचं रेकॉर्डिंग, दोघांचे आवाज एकाच ट्रॅकवर कालवलेले, आणि पाहुण्यांच्या डोक्यावर पूर्ण वेगात पंखा.

आता याला रेट कसा लावायचा?

मी आधी तासावर लावून पाहिला. त्यातली गंमत अशी, की हात जसजसा बसत जातो तसतसं काम लवकर उरकतं आणि मिळकत घटते. कीबोर्डचा एक शॉर्टकट पाठ झाला की तेवढं उत्पन्न बुडालं. शिवाय हिशेब द्यावा लागतो तो वेगळाच. 'एका वाक्याला एवढा वेळ?' हो ना. त्या एका वाक्यात पाहुण्यांनी माइकवर 'प' फोडला, खुर्ची करकरली आणि नेमकं तेव्हाच तुम्ही 'बरोबर, बरोबर' म्हणालात. एकाच ट्रॅकवर. तुमचं 'बरोबर' काढलं तर पाहुण्यांचा मुद्दाही जातो.

मग तयार मिनिटावर आलो. या धंद्यात चांगलाच रुळलेला प्रकार आहे हा, ऐकायलाही सरळ. पण दोन तासांतून चाळीस मिनिटं उरली तर पैसे चाळीस मिनिटांचे. म्हणजे जे ठेवलं त्याचे मिळणार, आणि जे काढलं, ज्यात दिवस गेला, ते फुकट. पाल्हाळ दिसलं की माझ्यातला एडिटर हात उचलायचा आणि माझ्यातला कारकून तो हात धरायचा. राहू दे की, काय वाईट बोलतोय बिचारा!

कच्च्या मिनिटाचा, म्हणजे जेवढं रेकॉर्डिंग हातात येतं तेवढ्याचा रेट मला सर्वांत न्याय्य वाटला. क्लायंटला नाही वाटला. 'मधे आम्ही रेकॉर्डिंग चालू ठेवून बाहेर गेलो होतो, ती दहा मिनिटं वजा करा.' मी म्हटलं, 'अहो, सगळ्यांत कामाची तीच होती.' कापलेल्या जागी निव्वळ कोरी शांतता भरली तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं. प्रत्येक खोलीची स्वतःची अशी एक घरघर असते, ती जोडांमध्ये भरावी लागते. ती त्या दहा मिनिटांतूनच उचलली होती. पलीकडे जरा वेळ गप्प. मग, 'म्हणजे आमच्या शांततेचे आम्हीच पैसे द्यायचे?'

तांत्रिक कारणं देऊन रेट पटवण्याचा नाद मी त्यानंतर सोडला. म्हणजे, एकदा आणखी प्रयत्न केला. सांगितलं, की पॉडकास्टसाठी ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (भाग एकूण किती मोठ्याने ऐकू येतो, ते मोजायचं एकक) आसपासची आहे, शिखर, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही, तिथे आणून देतो. 'उणे कशाला? अधिक करा की, पैसे देतोय!' डिजिटल आवाजात शून्य हेच छप्पर असतं, त्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, हे समजावण्यात जो वेळ गेला तो कुठल्याच रेटमध्ये बसत नाही.

'हल्ली एआय एका क्लिकमध्ये करतं' हेही ऐकून झालंय. करतं, आणि पंख्याच्या बाबतीत मी त्याचा ऋणी आहे. 'अं' आणि लांबलेले थांबेही ते शोधून देतं. पण पाहुणे गलबलून थांबलेत की प्रश्न विसरून, यात त्याची गल्लत होते. एका भागात दोन्ही थांबे होते. यंत्राने दोन्ही सारखेच काढले.

शेवटी भागाला ठरावीक रेट लावला. सोबत अटी: कच्चं रेकॉर्डिंग दीड तासापर्यंत, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, अर्धे पैसे आगाऊ, बदल दोन फेऱ्यांपर्यंत मोफत, पुढे आकार पडेल. क्लायंट एका दमात 'ओके' म्हणाले. अटी वाचल्या नव्हत्या, हे दुसऱ्या फेरीनंतर कळलं. मधला जो भाग मी उडवला होता तो पाहुण्यांच्या फार जवळचा निघाला, तो परत हवा होता. मी नम्रपणे लिहिलं, ही तिसरी फेरी, याचे वेगळे.

तत्काळ उत्तर आलं, 'कापल्याचे दिले ना? परत लावायचे कसले? ते तर आमचंच होतं!'

लावून दिलं. भाग चांगला अकरा मिनिटांनी वाढला. तयार मिनिटाचा रेट मी आदल्याच महिन्यात बंद केला होता.