बोलताना काढलेल्या मेंदूच्या स्कॅनबद्दल खुलासा

सांगली-मिरजेतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘बोलताना मेंदूचा स्कॅन काढला की डिप्रेशन आहे की नाही कळतं. नॉर्मल आला तर गोळ्या बंद करा.’ हे चूक आहे, आणि दुसरं वाक्य तर धोक्याचं.

तंत्र खरं आहे. कपाळावर पट्टा बांधून निअर-इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तातला ऑक्सिजन किती वाढतो ते मोजतात. नैराश्य असलेल्यांत ही वाढ सरासरीने कमी दिसते. पण सरासरी गटाची असते. समोरच्या एका माणसाचं निदान तिच्यावरून होत नाही. शिवाय हा प्रकाश जेमतेम २-३ सेंटिमीटर आत जातो. भावनांशी जोडलेला, मेंदूत खोलवर असलेला अमिग्डला हा भाग त्याच्या आवाक्याबाहेरच राहतो. जपानमध्ये २०१४ पासून ही तपासणी आरोग्य विम्यात आहे, तीही डॉक्टरांच्या निदानाला जोड म्हणूनच.

निदान होतं ते विचारपूस करून: झोप, भूक, मन किती दिवस लागत नाही, मध्येच अतिउत्साहाचे दिवस येऊन गेले का. हे शेवटचं घरच्यांनाही विचारतात, कारण पेशंटला ते दिवस बहुधा आजार वाटतच नाहीत.

असे अतिउत्साहाचे (उन्मादाचे) दिवस येणाऱ्या बायपोलर आजारात लिथियम हे औषध देतात; ते अचानक थांबवलं तर उन्माद उलटण्याचा धोका वाढतो. कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.