तो ‘टीव्ही गेम’ नकली नव्हता

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. विषय आहे नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेला कॅसेटवाला व्हिडिओ गेम. मजकुराचा सूर असा, की लहानपणी आपल्याला सगळ्यांनी मिळून बनवलं. डबा नकली. कॅसेटवर लाखो गेम छापलेले, निघायचे चार. फुंकर मारल्याशिवाय चालायचा नाही. चित्र लुकलुकायचं. बंदूक नावापुरती. काही सेव्ह व्हायचं नाही. आणि एवढं करून टीव्हीची पिक्चर ट्यूब घालवायचा.

मी हे जुने डबे उघडतो, साफ करतो, जमलं तर पुन्हा चालू करतो. बरीच वर्षं हा छंद आहे. म्हणून हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही. यातल्या काही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या चुकीच्या माणसाच्या नावावर घातल्या आहेत. काही तर मुळातच खोट्या आहेत.

‘नकली’पासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याच पोटातून निघतं. मूळ यंत्र निन्टेन्डोचं. जपानमध्ये १५ जुलै १९८३ला ते ‘फॅमिली कॉम्प्युटर’ म्हणून बाजारात आलं, किंमत १४,८०० येन. लोक त्याला फॅमिकॉम म्हणायचे. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते घडलं. १९८५मध्ये तेच यंत्र वेगळ्या खोक्यात घालून ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत नेलं. दोन्ही मिळून जगभर ६ कोटी १९ लाखांच्या आसपास यंत्रं खपली.

आपल्याकडे जे आलं ते याचं प्रतिरूप. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपा, एक हिशेब करणारी आणि एक चित्र काढणारी, पुन्हा घडवल्या. त्यांच्यावर उभे राहिलेले डबे रशियात ‘डेंडी’ म्हणून गेले, पोलंडमध्ये ‘पेगासस’ म्हणून, आणि आपल्याकडे तर दर दुकानात नाव वेगळं. नकली मी त्याला म्हणेन जे दिसतं तसं, पण काम करत नाही. प्लास्टिकचा आंबा नकली. या डब्याचं तसं नव्हतं. जपानमध्ये विकत घेतलेली ६० पिनांची अस्सल कॅसेट यात घातली तर तोच गेम तसाच चालायचा.

‘तसाच’ म्हटलं खरं, पण एक फरक होता, आणि त्या फरकामुळेच मला या डब्याबद्दल आदर वाटतो. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला ‘पाल’ (PAL) नावाच्या प्रसारण पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. जपानी यंत्र एका चित्राला २६२ ओळी मोजायचं, आपल्या टीव्हीला ३१२ हव्या असायच्या. म्हणजे दर चित्रामागे ५० ओळींचा वेळ शिल्लक. तो घालायचा कुठे? निन्टेन्डोने स्वतःच्या युरोपातल्या यंत्रात तो चित्र संपल्यानंतरच्या मोकळ्या वेळात मिसळला आणि प्रोसेसरचा, म्हणजे त्या हिशेब करणाऱ्या चिपचा, वेग १.७९वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणला. त्यामुळे वेळेचा काटेकोर हिशेब ठेवणारे काही जपानी गेम तिथे बिघडायचे, त्यांना युरोपसाठी वेगळं बसवून घ्यावं लागायचं. पाल टीव्हीसाठी चिपा करणाऱ्या तैवानच्या अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. ‘चित्र संपलं’ अशी खूण गेमला मिळते, तिच्या आधीच त्यांनी ते ५० ओळींचं अंतर टाकलं, आणि प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवला. गेमला वाटायचं आपण जपानमध्येच आहोत. जपानी कॅसेट एका अक्षराचाही बदल न करता पाल टीव्हीवर चालावी, एवढ्यासाठी कुणीतरी बसून केलेला हा विचार आहे.

त्याची किंमत एकच होती. सेकंदाला ६०च्या जागी ५० चित्रं, म्हणून सगळा खेळ एक षष्ठांश हळू. मारिओ हळू पळायचा, त्याचं घड्याळही हळू उतरायचं आणि गाण्याची लयही संथ व्हायची. सूर मात्र जवळजवळ जागेवर राहायचे, कारण सूर प्रोसेसरच्या वेगावर ठरतात आणि लय चित्रांच्या गतीवर. पुढे कॉम्प्युटरवर मूळ वेगाचा मारिओ पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणीतरी मागे लागल्यासारखा वाटला. माझ्या कानाला अजूनही आपला संथ मारिओच खरा वाटतो.

आता लाखो गेमांची गोष्ट. ‘९९९९९९९ इन १’ हा आकडा खोटा होता, यात वादच नाही. प्रत्येक गेमला एकच मिनिट दिलं असतं तरी सगळे बघायला १९ वर्षं लागली असती. जपानमध्ये या यंत्रासाठी परवान्याने निघालेले सगळे गेम मोजले तरी ते हजाराच्या थोडे वर भरतात. पण हे खोटं लिहिलं कुणी? कॅसेट भरणाऱ्याने आणि तिच्यावर कागद चिकटवणाऱ्याने. यंत्राचा त्यात काय दोष?

आणि ‘निघायचे चार’ हेही पुरतं बरोबर नाही. त्या यादीत काय असायचं ते आठवून बघा. टँकवाला गेम, म्हणजे नामकोचा बॅटल सिटी, १९८५चा. गाडीवाला, म्हणजे कोनामीचा रोड फायटर. बर्फ फोडत वर जाणारा आइस क्लाइंबर, फुगे बांधून उडणारा बलून फाइट, सर्कस, बाँबरमॅन, लोड रनर. हे जवळपास सगळे १९८३ ते १९८६ मधले, आणि त्याला कारण आहे. त्या वर्षांतले बरेच गेम जास्तीत जास्त ४० किलोबाइटमध्ये बसायचे आणि त्यांना कॅसेटमध्ये वेगळी मदतनीस चिप लागायची नाही. असे गेम एका स्वस्त कॅसेटमध्ये ओळीने मांडणं सोपं होतं. पुढचे मोठे गेम तसे मांडणं खर्चाचं काम.

यादीतली बाकीची नावं कशी तयार व्हायची, तेही सांगतो. गेम सुरू होण्याआधी मेनू यंत्राच्या स्मृतीत एखादा आकडा बदलून ठेवायचा. सुरुवात कितव्या स्टेजपासून, लाईफ किती, एवढंच. म्हणून काँट्रा पाच ठिकाणी दिसायचा आणि पाचही वेळा वेगळ्या जागी सुरू व्हायचा. याला मी फसवणूक म्हणणार नाही असं नाही. पण आमच्या वाड्यात आठव्या दुनियेतला मारिओ पहिल्यांदा दिसला तो या यादीमुळेच. तिथवर पोहोचण्याइतका हात कुणाचाच बसला नव्हता.

हे ४० किलोबाइट किती लहान असतात ते कळायला सुपर मारिओ बघावा. सूचना ३२ किलोबाइट, चित्रं ८. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे त्यात एकच चित्र आहे, एकदा पांढऱ्या रंगात आणि एकदा हिरव्यात. ८ किलोबाइटमध्ये अख्खी दुनिया मांडायची तर अशीच काटकसर करावी लागते.

‘चित्र लुकलुकायचं’ ही तक्रार ऐकली की मला वाईट वाटतं, कारण तो बिघाड नव्हताच. चित्र काढणारी चिप पडद्यावर एकूण ६४ हलते तुकडे ठेवू शकायची, पण एका आडव्या ओळीत फक्त ८. नववा आला की तो दिसायचाच नाही. उभा मोठा मारिओ एका ओळीत दोन तुकडे खातो. काँट्रात दोन खेळाडू, चार शत्रू आणि गोळ्या एका पातळीत आल्या की आठ केव्हाच संपायचे. आता विचार करा, नववा तुकडा म्हणजे तुमच्याकडे येणारी गोळी असेल आणि ती दिसलीच नाही तर? म्हणून गेम लिहिणारे दर चित्राला क्रम फिरवायचे. या वेळी हा गाळला, पुढच्या वेळी तो. त्यामुळे कुणीच कायमचा अदृश्य होत नसे, सगळे थोडे थोडे लुकलुकत. जपानमधल्या अस्सल यंत्रावरही ते तसंच दिसायचं. खेळणाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून केलेली ती सोय होती.

फुंकर. ही सवय आपल्या सगळ्यांची होती आणि ती वाईट होती. कॅसेट चालायची नाही त्याचं कारण पिनांवर बसलेला थर, किंवा कॅसेट नीट न बसणं. काढून पुन्हा घातली की पिना एकमेकींवर घासायच्या आणि संपर्क व्हायचा. काम व्हायचं त्या घासण्याने, श्रेय मिळायचं फुंकरीला. तोंडातल्या ओलाव्याने मात्र पिना गंजतात. फुंकर मारू नका असं निन्टेन्डोनेही आपल्या ग्राहकांना सांगितलं होतं. अमेरिकेतल्या एनईएसमध्ये तर कॅसेट समोरून सरकवून खाली दाबायची होती, त्यात कॅसेट अस्सल आहे का ते तपासणारी एक कुलूप-चिप होती, आणि संपर्क जरा ढिला पडला की यंत्र सेकंदासेकंदाला स्वतःला पुन्हा सुरू करायचं. आपल्या डब्यात कॅसेट वरून सरळ खोवायची, कुलूप-चिप नाही. या बाबतीत आपला डबा अमेरिकेतल्या अस्सल यंत्राहून कमी हट्टी होता. आजही बंद पडलेल्या कॅसेटींपैकी बऱ्याचशा कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसल्या की बोलायला लागतात.

बंदुकीबद्दल काही जण अजून सांगतात, की ती पडद्याकडे कुठेही धरली तरी बदक पडायचं, किंवा बल्बकडे धरली तरी चालायचं. बंदुकीतून काही बाहेर जातच नव्हतं. उलट तिच्या नळीत प्रकाश बघणारा डोळा होता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटायचा. डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. बल्बकडे धरली तर अंधाराच्या क्षणीही उजेडच दिसणार, म्हणजे नेम चुकलेला. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक उमटायचे, म्हणून कुठलं पडलं तेही कळायचं. १९८४च्या डक हंटमध्ये हे सगळं होतं. टीव्हीचा ब्राइटनेस कमी असला की बंदूक चुकायची, हे खरं. आजच्या एलसीडीवर तर ती चालतच नाही, कारण तो पडदा चित्र दाखवायला थोडा उशीर करतो आणि डोळा नको त्या क्षणी बघतो.

सेव्हची तक्रार रास्त आहे. सेव्हसाठी कॅसेटमध्ये बॅटरी लागते, आणि स्वस्त कॅसेटीत ती कुणी घालत नव्हतं. उन्हाळ्यात भारनियमन असायचं, सातव्या दुनियेत असताना वीज गेली की सगळं गेलं. यंत्राची कामाची स्मृती २ किलोबाइट, तीही वीज असेपर्यंतच. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत होती. मारिओचा गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या पडद्यावर ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या दुनियेत मेलात तिच्याच सुरुवातीला तो नेऊन सोडतो. हे तेव्हा कळलं असतं तर आमची अख्खी मे महिन्याची सुट्टी वेगळी गेली असती.

पिक्चर ट्यूबचं थोडक्यात. एकच स्थिर चित्र तासन्‌तास, दिवसेंदिवस झगझगीत ठेवलं तर जुन्या ट्यूबवर त्याचा डाग उमटतो. दिवसभर चालू असणाऱ्या आर्केडच्या पडद्यांवर ते दिसतं. म्हणूनच अटारी २६०० या त्याहून जुन्या गेम-यंत्राचे बरेचसे गेम कुणी खेळत नसलं की आपोआप रंग बदलत बसायचे. पण रविवारी दोन तास धावणाऱ्या मारिओने ट्यूब जात नाही. घरातल्या मोठ्यांनी हे भीतीपोटी सांगितलं, टीव्ही महाग होता, त्यांची काळजी समजते. आता मात्र आपण ते पुढच्या पिढीला खरं म्हणून सांगू नये.

त्या डब्यात खरोखर वाईट काय होतं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलंच नाही. अडॅप्टर हलके होते, बराच वेळ चालले की तापायचे. रिमोटची वायर गळ्यापाशी तुटायची. बटणाखालच्या रबराचा काळा थर झिजला की उडी उशिरा लागायची. माळ्यावरून जुना डबा काढणार असाल तर जुना अडॅप्टर लावू नका, आधी व्होल्टेज तपासून घ्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला आजही खुपते. या कॅसेटींमधले गेम परवानगीशिवाय उतरवलेले होते, आणि ते करणाऱ्यांनी बऱ्याच गेमांच्या पहिल्या पडद्यावरून बनवणाऱ्याचं नावही खोडून टाकलं होतं. आपण वर्षानुवर्षं खेळलो आणि कोनामी, नामको, हडसन ही नावं कित्येकांना मोठं झाल्यावर कळली. उएमुरा पुढे क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते, डिसेंबर २०२१मध्ये गेले. त्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा पहिला डबा कधीच भंगारात गेला होता. नंतर मिळवलेल्या एका डब्याबरोबर आलेली लाल कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यातल्या मारिओच्या पहिल्या पडद्यावर जिथे १९८५ आणि निन्टेन्डो असं लिहिलेलं असायला हवं, तिथे काहीच नाही.