माझं लिव्हर आणि सी विंगचे काका

मी दारू पीत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगावं लागतंय, कारण गेल्या रविवारपासून आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत ते कुणाला पटेनासं झालंय. आज सकाळीच लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "सुटते हो, मनावर घेतलं की सुटते" म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

झालं एवढंच की माझी टाच दुखते. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यासारखी. तशात क्लबहाउसवर फलक लागला, 'रिफ्लेक्सॉलॉजी : एक ओळख. प्रवेश मोफत.' बायको म्हणाली, "फुकट आहे, जाऊन या."

आत थेरपिस्ट मॅडम होत्या आणि त्यांच्या मागे दोन तळपायांचा रंगीत नकाशा, तळव्याची कुठली जागा दाबली म्हणजे शरीरातला कुठला अवयव, ते दाखवणारा. उजवा पाय पुढे केला, तर मोज्याच्या भोकातून अंगठा आधीच बाहेर येऊन बसलेला.

"अंगठा म्हणजे मेंदू," मॅडमनी नकाशावर पट्टी टेकवली.

"म्हणजे यांचा मेंदू बाहेर आलाय," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. सी विंगचे काका. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आपला नंबर यायची वाट बघत बसले होते.

मॅडमचा अंगठा माझ्या तळव्यावर सुरवंटासारखा चालू लागला. वाकतो, सरळ होतो, पुढे सरकतो. बोटांच्या खालच्या उंचवट्याखाली पोचला आणि मी ओरडलो.

"लिव्हर!" मॅडम म्हणाल्या. समोर तीस माणसं बसलेली. हातात माइक नव्हता, पण त्याची गरजही नव्हती.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"घेता."

"अहो, मी टाच दाखवायला आलोय!"

"टाच म्हणजे कंबरेखालचा भाग," मॅडम म्हणाल्या. "तो शेवटी."

टाचेला टाच म्हणणारं त्या हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

मग काकांची पाळी आली. त्यांच्याही उजव्या पायावर, लिव्हरच्या जवळच, मॅडमनी दाबलं. काका "आई गं!" करून खुर्चीसकट मागे सरकले.

"पित्ताशय," मॅडम गंभीर झाल्या.

"ते मी अठ्ठ्याण्णव साली काढलंय."

हॉल शांत. मॅडम मात्र डगमगल्या नाहीत. "अवयव जातो, काका. त्याची ऊर्जा मागे राहते."

काकांनी पाय मांडीवर घेतला आणि त्या जागेकडे बराच वेळ बघितलं. सोसायटीचे माजी खजिनदार ते. "म्हणजे सव्वीस वर्षं जागा रिकामी, आणि मेंटेनन्स मी भरतोय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण बघा, काकांचं पित्ताशय विनोदात निघालं आणि माझं लिव्हर तेवढं खरं ठरलं. मी ओरडलो होतो ना! अहो, दाबलं म्हणून ओरडलो. यकृताचा काय संबंध?

घरी येऊन रागारागात वाचत बसलो. अमेरिकेत फिट्झजेराल्ड नावाचे एक कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पून १९१७ साली त्यावर पुस्तक काढलं. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी अख्खं शरीर तळपायावर आणून बसवलं. उजव्या पावलावर लिव्हर, डाव्यावर हृदय, आतल्या कडेने पाठीचा कणा. वन बीएचकेत एवढा संसार मांडायला खरंच डोकं लागतं. २००९ साली पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी रिफ्लेक्सॉलॉजीवरच्या १८ चाचण्या तपासल्या. कुठल्याही आजारावर हिचा उपयोग होतो याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. पाय चोळून घेतल्यावर बरं वाटतं, अंग सैल पडतं, ते वेगळं. म्हणून तर तिला पूरक म्हणतात, डॉक्टरचं औषध चालू ठेवून करायची गोष्ट. आणि यातली जबाबदार मंडळी स्वतःच सांगतात की निदान करणं हे आमचं काम नाही. मग माझं कुणी केलं? तेही माइकशिवाय?

पण खरं सांगू? मॅडमनी वीस मिनिटं माझा पाय हातात धरला होता. हाडांच्या डॉक्टरांनी आठशे रुपयांत चार मिनिटं दिली. माझ्या टाचेला हातही न लावता "तळव्याचा पट्टा सुजलाय, पोटरीचे व्यायाम करा" म्हणाले आणि बेल वाजवली. हल्ली वाकून नमस्कार करणाऱ्यांचे हातसुद्धा गुडघ्याच्या खाली येत नाहीत. शिवाय ज्या शहरात फुटपाथ दर दहा पावलांना उखडलेला असतो आणि स्टेशनचा अर्धा जिना कायम दुरुस्तीला काढलेला असतो, तिथे टाच दुखायला लिव्हर कशाला लागतं? मला दहा सिटिंगचं साडेसात हजारांचं पॅकेज सुचवलं गेलं. काकांनी साडेतीनशेचा लाकडी रोलर घेतला. ते आता संध्याकाळी कट्ट्यावर बसून, तो पायाखाली फिरवत, माझ्या लिव्हरबद्दल बोलतात.

काल रात्री बेल वाजली. सी विंगच्या काकू, हातात स्टीलचा डबा. "भुईआवळ्याचा रस आहे. सकाळी अनशापोटी घ्यायचा. लाजू नका हो, आमच्या भावालाही होती सवय."

बायकोने डबा घेतला, वर "थँक्यू हो, काकू" म्हणाली. दार लावून माझ्याकडे वळली.

"डबा रिकामा कसा परत करायचा? थोडा शिरा करते, तुम्ही देऊन या."

काकांचं घर चौथ्या मजल्यावर. सी विंगची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे.