'स्नॉब' हा कसलाही शॉर्टफॉर्म नाहीये

ती पोस्ट परत फिरतीय. म्हणे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या रजिस्टरमधे साध्या घरातल्या पोरांच्या नावापुढं 'एस. नॉब.' लिहायचे, म्हणजे लॅटिनमधे 'सिने नोबिलिताते', खानदान नसलेला, मग ही पोरं बड्यांसारखा तोरा मिरवत लोकांशी उर्मटपणे वागायला लागली आणि त्यातून 'स्नॉब', म्हणजे दुसऱ्यांना तुच्छ लेखणारा, हा इंग्रजी शब्द आला. ऐकायला भारी वाटतं पण यातलं काहीच टिकत नाही.

आधी रजिस्टर बघू. ऑक्सफर्डच्या जुन्या प्रवेशनोंदी छापलेल्या आहेत आणि त्यात बापाचा दर्जा खरंच लिहिलेला असतो, पाद्र्याचा मुलगा असेल तर 'क्लेर.', कुलचिन्ह बाळगणाऱ्याचा असेल तर 'आर्म.', आणि साध्या माणसाचा असेल तर 'प्लेब.', म्हणजे प्लेबियन. सामान्यांसाठी खूण आधीच ठरलेली होती की! शिवाय इंग्लंडमधे उमराव घराणी मोजकीच, म्हणजे 'एस. नॉब.' लिहायचंच म्हटलं तर जवळपास सगळ्याच पोरांपुढं लिहावं लागलं असतं, मग त्या खुणेचा उपयोग काय?

आता शब्द. 1780 च्या आसपास तो लिखाणात सापडतो तेव्हा त्याचा अर्थ आहे मोची, किंवा मोच्याच्या हाताखालचा पोऱ्या. केंब्रिजच्या पोरांनी तो उचलला आणि वापरला गावातल्या लोकांसाठी, जे युनिव्हर्सिटीत नाहीत त्यांच्यासाठी. म्हणजे ज्याचं नाव रजिस्टरमधे असूच शकत नाही तो स्नॉब, आणि पोस्ट म्हणते शब्द रजिस्टरमधून आला! मला खरा राग याचा येतो की या गोष्टीत जोडे शिवणारा माणूस पार गायब होतो, ज्याच्या धंद्याच्या नावानं या शिकलेल्या पोरांनी अख्ख्या गावाला हिणवलं.

उर्मटपणाचं म्हणाल तर तो अर्थ फार उशिरा आला. इंग्रज कादंबरीकार थॅकरेनं 1846-47 मधे 'पंच' साप्ताहिकात स्नॉब लोकांवर लेखमाला लिहिली, त्याचा स्नॉब मुख्यतः बड्यांपुढं लाळ घोटणारा, त्यांची नक्कल करणारा. खालच्यांना तुच्छ लेखणारा हा आजचा अर्थ त्याच्याही नंतर रुळला.

आणि आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची सवय मुळात विसाव्या शतकातली. 'पॉश'चंही तेच, म्हणे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावीकडची केबिन, परतताना उजवीकडची) याची पी-ओ-एस-एच ही चार आद्याक्षरं हिंदुस्थानला येणाऱ्या पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बोटींच्या तिकिटांवर मारलेली असायची. तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.