'पोस्टर लावून कोणी सुटत नाही': एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. फादर स्टॅन स्वामींची (झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे पाद्री, भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले) पोस्टरं चिकटवून तुमची फोटो काढायची हौस भागते, पोस्टर लावून कोणी सुटत नाही, आणि गुन्ह्यात बळी पडलेल्यांचं काय, असं तुमचं म्हणणं. मुद्दा मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण ही भाषा? ज्यांचं तोंडही पाहिलं नाही त्यांच्याबद्दल असं लिहायला मन धजतं कसं? दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता चिकटवू नये हे मात्र बरोबर, मान्य.

आता 'कोणी सुटत नाही' बद्दल. १९७७ आठवा. जॉर्ज फर्नांडिस बडोदा डायनामाइट केसमध्ये, म्हणजे आणीबाणीत सरकारविरुद्ध स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाखाली, आत, प्रचाराला जाता येत नाही, बेड्या घातलेला हात वर केलेला त्यांचा फोटो तेवढा मुझफ्फरपूरमध्ये फिरला आणि मुंबईचा हा कामगार पुढारी बिहारमधून तीन लाखांवर मतांनी निवडून आला, केस मागे घेतली गेली ती नंतर. जनता पक्षाची लाट होती, मलाही माहितीय. पण आतला माणूस बाहेरच्यांना दिसत राहिला तो त्या फोटोमुळे. आणि हे मला शिकवू नका, माझे वडील मिसाखाली, आणीबाणीतल्या त्या विनाखटला डांबण्याच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. नातेवाइकांनी घरी येणं सोडलं होतं, तेव्हा कोणीतरी रात्रीत आमच्या चाळीच्या भिंतीवर कोळशाने 'राजबंद्यांना सोडा' लिहून गेलं आणि घरमालक पुसायला आला तर आई त्याच्याशी कडाकडा भांडली. तिला विचारा उपयोग काय झाला ते!

मी लावलेल्या पोस्टरवर चेहरा नव्हताच, नुसता सिपर आणि स्ट्रॉ, काळ्या मार्करने काढलेला. पार्किन्सनमुळे पेला हातात धरवत नाही म्हणून ८३ वर्षांच्या माणसाने तळोजा जेलमधून ६ नोव्हेंबर २०२० ला सिपर-स्ट्रॉसाठी कोर्टात अर्ज केला, एनआयएने (राष्ट्रीय तपास संस्थेने) उत्तराला वीस दिवस मागितले, मग म्हणाले सिपर आमच्याकडे नाहीच. ५ जुलै २०२१ ला ते वांद्र्याच्या हॉस्पिटलात वारले, हायकोर्टात जामिनाचं चालू असतानाच. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. पोस्टरने त्यांना सोडवलं नाही, खरंय, पण सिपर म्हटलं की तुम्हालाही तेच आठवले ना?

बळींचा प्रश्न ज्याच्यावर काही सिद्धच झालं नाही त्याच्या पोस्टरखाली विचारण्यात अर्थ नाही, त्यावर मी वेळ घालवणार नाही. आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे, त्यांच्यासाठी पुढची पोस्टरं काढतोय. पुन्हा लिहाल तेव्हा निदान स्वतःच्या नावाने लिहा.