हुंगण्याने कुत्र्याची शिस्त बिघडत नाही

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या संदेशात, फिरायला नेलेल्या कुत्र्याला वाटेत हुंगू दिल्यास त्याची शिस्त बिघडते, असे म्हटले आहे. ते बरोबर नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या सुमारे ५० ते ६० लाख पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या २० ते ३० कोटींपर्यंत असू शकतात, त्यामुळे एखाद्या खांबापाशी रेंगाळून तेथून कोण गेले याचा माग काढणे हा त्याच्या मेंदूचा खरा व्यायाम असतो. पट्टा थोडा सैल सोडावा आणि वाट अधूनमधून बदलावी; रोज त्याच कॉलेज रोडवर पावले मोजण्यात रस मालकाला असतो, कुत्र्याला नव्हे. कचऱ्याच्या ढिगाऱ्यापासून मात्र त्याला दूरच ठेवावे, हा संदेशातील सल्ला योग्य आहे.