तीन टीमचा प्रोग्राम चुकतच नाही? खुलासा

सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एकच काम तीन टीमकडून वेगवेगळं लिहून घ्या, बहुमताचं उत्तर धरा, सॉफ्टवेअर चुकूच शकत नाही.’ पद्धत खरी आहे, हमी खोटी. पूरइशाऱ्यासारख्या कामात अशी हमी जिवावर बेतेल, म्हणून लिहितोय.

अविझियेनिस आणि चेन या संगणक संशोधकांनी १९७७ साली ही पद्धत मांडली. भरवसा एवढाच, की वेगळी माणसं वेगळ्या जागी चुकतील. नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी १९८६ मध्ये तो पडताळला: एकाच मागणीवरून (प्रोग्रामने काय करायचं ते सांगणारा कागद) २७ प्रोग्राम, प्रत्येकाच्या दहा लाख चाचण्या. एकेकटे बहुतेक प्रोग्राम उत्तम चालले. पण एकाच इनपुटवर अनेकजण मिळून चुकण्याचं प्रमाण योगायोगाने होईल त्याहून बरंच जास्त निघालं. अवघड जागा सगळ्यांनाच अवघड जाते.

कृष्णेवरच्या आपल्या आयर्विन पुलाचंच घ्या. धोका पातळी ४५ फूट. मागणीच्या कागदावर ‘४५ च्या वर गेल्यास इशारा’ असं असेल, तर तिन्ही टीम ‘४५ पेक्षा जास्त’ हीच अट लिहितील. पाणी बरोबर ४५ वर टेकलेलं, आणि तिन्ही प्रोग्राम एकमताने गप्प!

उत्तरादाखल कुणी एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या अपघाताचा दाखला देऊन पद्धतच मोडीत काढली. तेही चूक. ४ जून १९९६ च्या त्या उड्डाणात दिशादर्शक यंत्रणा दोन होत्या, पण सॉफ्टवेअर दोन्हींत तेच; म्हणजे वेगवेगळं लिहून घ्यायची पद्धत तिथे नव्हतीच. म्हणून दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या.

मूळ मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याखाली हेही जोडा.